चौथीच्या फोटोतल्या तेरा जागा

सानप गुरुजी जिल्हा परिषदेतून परत येईस्तोवर मी तेरा भोकं बुजवली होती. टेबलावरचा चहा साय धरून बसला होता. स्क्रीनवर मात्र चौथीचा वर्ग असा झकास बसला होता की माझा मलाच हेवा वाटावा. अठरा पोरं, खांद्याला खांदा लावून. मधे बोट घालायला जागा नाही.

गुरुजी आले. पिशवी स्टुलावर ठेवली, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला आणि स्क्रीनपुढं वाकले. मी तारीफ ऐकायला तयार होऊन उभा राहिलो.

गुरुजी एकेका रांगेवरून नजर फिरवत गेले.

"कसं वाटलं?" शेवटी मीच विचारलं.

"हे कुणी केलं?"

"मीच की. अन् ह्या सॉफ्टवेअरनं. बघा, कुठं जोड दिसतोय का?"

"न्हाई दिसत," गुरुजी म्हणाले. "पण कावून केलं?"

आता याला काय बोलावं! चार तास मान मोडून काम केलं, आणि गिऱ्हाईक विचारतंय कावून केलं.

आधी थोडं माझं सांगतो. बीडच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझं कंप्युटरचं दुकान. ही गोष्ट घडली तेव्हा नव्वदीचं दशक संपत आलं होतं. गावोगाव एसटीडीचे पिवळे बूथ झाले होते, टीव्हीवर वीस-पंचवीस चॅनेल दिसायला लागले होते आणि आमच्याकडं कंप्युटर म्हणजे लग्नपत्रिका छापायचं यंत्र असाच लोकांचा समज होता. दुकान टाकायच्या आधी पंधरा वर्षं मी एका स्टुडिओत रिटचर होतो. रिटचर म्हणजे निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं काम करून माणसाच्या तोंडावरचे डाग आणि सुरकुत्या घालवणारा. अर्ध्या जिल्ह्यातल्या नवरदेवांच्या तोंडावरचे देवीचे व्रण मी घालवलेत. लग्नानंतर ते परत दिसले असतील, त्याला माझा इलाज नाही.

सांगायचा मुद्दा हा, की फोटोत काही खटकलं की माझा हात शिवशिवतो. ही सवय पेन्सिल गेली तरी गेली नाही.

सानप गुरुजी शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. शाळा चौथीपर्यंत. गुरुजींना नवीनच फोटोचा नाद लागला होता. मुंबईतल्या मेव्हण्यानं दिवाळीनंतर त्यांना आपला जुना कॅमेरा दिला आणि माणूस कामातून गेला. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी धरायची, बीडला यायचं आणि माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसायचं. मग सुरू. ह्याला काय म्हणतेत? त्यानं काय होतं? केवढ्याला? भाव ऐकला की "बरं" म्हणायचे, एका लांबोळक्या वहीत लिहून घ्यायचे आणि पुढच्या वस्तूकडं बोट करायचे. पाच शनिवार झाले. दुकानात पंखा सोडून एकाही वस्तूचा भाव त्यांनी विचारायचा ठेवला नव्हता. सहाव्या शनिवारी पंख्याचाही विचारला.

"गुरुजी, नेमकं काम काय करायचंय?"

"थोडं फोटोचं काम हाय."

"म्हणजे देवळं, पाखरं, सूर्यास्त असलं का?"

"असलंच काही तरी," म्हणायचे आणि वही मिटायचे.

मी धरून चाललो, हौशी माणूस आहे. हौशी गिऱ्हाइकाचं एक बरं असतं, त्याला गरज काय ते माहीत नसतं, त्यामुळं आपल्याला काहीही सांगता येतं. मी त्यांना ते मोठं सॉफ्टवेअर गळ्यात मारायचं ठरवलं. मुंबई-पुण्याचे डिझायनर लोक वापरतात ते. खरं सांगायला लाज कशाची, आमच्या ओळखीपाळखीत त्याची विकत घेतलेली सीडी कुणाकडंच नव्हती. सगळ्या नकला. मी सीडी काढून पुढं ठेवली.

गुरुजींनी ती उलटसुलट करून बघितली. "ही खरी हाय का कापी केलेली?"

"गुरुजी, सगळे तीच वापरतात."

"मग मला नको. दिवसभर पोरांना म्हणायचं कापी करू नका, अन् घरी जाऊन मी कापीची शीडी लावू? खरीचा भाव काय?"

मी सांगितला. गुरुजी उभे होते ते स्टुलावर बसले.

"भाऊ, तेवढ्यात माझ्या शाळेवर नवे पत्रे बसतेत की हो."

पण मीही काही कमी नाही. म्हटलं, एकदा करामत दाखवू, मग बघू गुरुजी कसे नाही म्हणतात ते. त्यांच्याकडं वर्गाचा एक मोठा प्रिंट होता. तो स्कॅन करून घेतो म्हणालो. स्कॅन म्हणजे फोटो काचेवर पालथा घालून त्याची कंप्युटरमध्ये नक्कल उतरवणे. गुरुजी फोटो ठेवून सर्व्हिस बुकाच्या कामाला जिल्हा परिषदेत गेले. आणि जिल्हा परिषदेत गेलेला मास्तर चार तास परत येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

फोटो बघितला आणि माझा हात शिवशिवला. शाळेची पांढरी भिंत. पुढं तीन रांगा. एक मांडी घालून, एक बाकावर, एक उभी. पण पोरं कशीही विखुरलेली. दोन इथं, मग जागा मोकळी, एक तिथं, परत मोकळी. बाकावरची एक पोरगी तर शेजारी कुणीच नसताना अंग चोरून एका कुशीला कललेली. मनात म्हटलं, मास्तर, फोटो घेताना पोरांना जवळ सरका म्हणायचं तेवढंही सुचलं नाही होय? मग एकेक पोरगं उचललं, सरकवलं, मागची भिंत सारखी केली. कललेली पोरगी सरळ करून दिली. आणि हे सगळं मूळ फाइलवरच सेव्ह करून टाकलं.

तर, "कावून केलं?"

"गुरुजी, पोरं लांब लांब बसली होती. किती भकास दिसत होतं. म्हणून जवळ घेतली."

गुरुजींनी स्क्रीनला बोट लावलं. "इथं मनीषा बसती," म्हणाले. "तिच्या मागं ज्ञानोबा. ह्या कडंला दोघं जुळे, राम अन् लखन. इथं..." मग थांबले. मी सगळी सरकासरकी केल्यामुळं त्यांनाच जागा सापडेनात. "भाऊ, त्या जागा मोकळ्या न्हवत्या. धरलेल्या व्हत्या."

त्यांनी पिशवीतून एक खाकी पाकीट काढलं आणि टेबलावर ओतलं. तेरा फोटो. प्रत्येकात एकच पोर. मागं उसाच्या पाचटाची कोपी म्हणजे झोपडी, कुठं बैलगाडीचं चाक, कुठं वाळत घातलेलं लुगडं. पोरं मात्र ताठ. कुणी मांडी घालून, कुणी पत्र्याच्या डब्यावर, कुणी उभं. तेराही जणं थेट समोर बघत होती.

मग गुरुजींनी सांगितलं. गावातली निम्मीअर्धी घरं ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की टोळ्यांचे ट्रक लागतात आणि पोरंही आईबापाबरोबर जातात, ती उन्हाळ्यात परत येतात. वर्गात पोरं बसकरपट्टीवर बसतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. गुरुजींचा नियम असा, की टोळीवर गेलेल्या पोराच्या जागेवर दुसरं कुणी बसायचं नाही. पट्टीवर तेवढी जागा सोडून बसायचं. कुणी सरकलं तर शेजारचंच पोरगं ओरडतं, ए, ही मनीची जागा हाय. शाळेचा फोटो दरवर्षी जानेवारीत निघायचा, म्हणजे निम्म्या वर्गाचाच. यंदा गुरुजींकडं स्वतःचा कॅमेरा होता. त्यांनी पोरांना वर्गातल्यासारखंच जागा सोडून बसवलं आणि फोटो काढला. मग तेरा जणांना शोधत फिरले. नगर जिल्ह्यातले दोन कारखाने रविवारी उरकले. एक टोळी पार कोल्हापूरकडं होती, तिथं रजा टाकून गेले.

"पण दिवाळीच्या आधीच काढायचा की फोटो. तेव्हा सगळे असतात."

"दिवाळीच्या आधी कॅमेरा कुठं व्हता?"

"मग पुढच्या वर्षी काढा."

"पुढच्या वर्षी ही पोरं चौथीत न्हाईत, भाऊ. चौथी झाली की पांगले. कुणी मामाच्या गावाला, कुणी आश्रमशाळेला. मनीषाच्या बापानं तर सांगून टाकलं, पाचवीला धाडणार न्हाई. धाकटी भावंडं सांभाळायला कुणी तरी पायजेल. मेमधी पोरं येतेन, दाखले घेतेन अन् गेले. एकदा तरी सगळे एका जागी दिसावं म्हणलं."

मला कुणीतरी कानशिलात ठेवून दिल्यासारखं झालं. ज्या जागा राखायला हा माणूस दोन महिने हिंडला, त्या मी चहा गार होईस्तोवर बुजवून मोकळा झालो होतो. बरं, तारीफही मागत होतो.

"गुरुजी, हे आधी सांगायचं नाही का?"

"तुमी हसला असता."

"मी कशाला हसेन?"

"टोळीचा मुकादम हसला. कंडक्टर हसला. माझं कुटुंब तर आजून हसायलंय."

मी नाही हसलो. प्रिंट परत काचेवर ठेवला, परत स्कॅन केला आणि एक पोरगं उचलून त्याच्या जागी ठेवून बघितलं. आणि इथं मी चाट पडलो. कुणाचाही फोटो दुसऱ्या फोटोत चिकटवला की तो उपरा दिसतो. उजेड वेगळा, माप वेगळं, सावली भलतीकडं. स्टुडिओत असताना ह्या कामात आम्ही शिव्या देत दिवस काढलेत. इथं ज्ञानोबा जागेवर ठेवला आणि तो तिथलाच झाला.

"हे कसं काय?"

"दहा वाजता काढलाय," गुरुजी म्हणाले. "शाळेत दहा वाजता उन्ह डाव्या अंगानं व्हतं. कोपीवर बी दहालाच, डाव्या अंगानं. एक दिवस आभाळ आलतं तर तसाच माघारी आलो." मग पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला. त्याला तीन गाठी मारलेल्या. कॅमेऱ्यापासून पहिली रांग, दुसरी रांग, तिसरी रांग. प्रत्येक पोराला त्याच्या रांगेच्या गाठीवर बसवलं होतं. बाकाच्या उंचीचा पत्र्याचा डबा एसटीच्या टपावर टाकून कोल्हापूरपर्यंत नेला होता. कंडक्टर त्यालाच हसला असणार.

मी म्हणालो, "गुरुजी, ठेवून जा. दोन दिवसांत करून देतो. पैसे नकोत."

"न्हाई," गुरुजी म्हणाले. "पोरं माझी हायत. जागेवर मीच बसवणार. तुमी फक्त सामान सांगा. कमीत कमी."

मग मी पहिल्यांदा दुकानदारासारखा नाही, शहाण्या माणसासारखा विचार केला. त्यांच्या घरी मेव्हण्याच्याच ऑफिसनं काढून टाकलेला कंप्युटर होता. त्यात रॅम अगदीच थोडी. रॅम म्हणजे कंप्युटरचा ओटा. फडताळ कितीही मोठं असलं तरी ओट्यावर मावेल तेवढंच एका वेळी चिरता येतं. त्या ओट्यावर ते मोठं सॉफ्टवेअर मांडलं असतं तर उघडेपर्यंत गुरुजींची एक तासिका झाली असती. आणि गुरुजींना हवं होतं काय? कापायचं, उचलायचं, ठेवायचं, थोडं उजळ नाहीतर थोडं मंद करायचं. बस्स. एवढं तर स्कॅनरच्या खोक्यात फुकट येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही होतं. दर खोक्यात त्याची एक सीडी यायची. गिऱ्हाइकं ती फेकून द्यायची आणि मी कपाखाली ठेवायचो.

कपाखालची एक काढली. पुसली. दाखवली.

"ही खरी का?" गुरुजींचा पहिला सवाल.

"स्कॅनर घेतला तर खरी. खोक्यातलीच आहे."

"मग लहानातला लहान स्कॅनर द्या. अन् शीडी खोक्यातलीच द्या, ही चहाची नको."

एक छोटा स्कॅनर. एका बंद पडलेल्या मशीनमधली रॅमची पट्टी काढून दिली, तेवढाच ओटा वाढला. माऊस पॅड मी द्यायला निघालो तर म्हणाले, घरी पाटी हाय. यूपीएस म्हणून एक बॅटरीचं खोकं येतं, लाईट गेली तरी पाच-दहा मिनिटं कंप्युटर चालू ठेवतं, ते घ्या म्हणालो. "आमच्याकडं लाईट कधी जाती ते मला पाठ हाय," गुरुजी म्हणाले आणि ते वहीतून खोडलं. स्कॅनर वाकळेत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं गावी गेले.

त्यानंतर फोन यायला लागले. शाळेपुढच्या एसटीडी बूथवरून, मीटर पडायच्या आत सांगून मोकळे.

"भाऊ, ज्ञानोबा बसला!" फोन खाली.

"भाऊ, राम-लखन बसले. पण अदलाबदल झालती. परत उठवले." खाली.

दुकानात बसलेली गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायची. मीही त्यांना काही सांगायचो नाही. हळूहळू मलाच सवय लागली. संध्याकाळी घरी गेलो की बायको विचारायची, आज कोण बसलं?

एका सोमवारी आवाज पडलेला. "भाऊ, लाईट गेली. सहा जण उठून गेले."

"सेव्ह केलं नव्हतं?"

"सगळे बसले की एकदम करावं म्हणलं."

"गुरुजी, दर पोरामागं सेव्ह."

"कळलं आता." मग थोडं थांबून, "ते बॅटरीचं खोकं... आजून हाय का?"

मी हसलो नाही. म्हणजे फोन ठेवल्यावर हसलो. पुढं त्यांच्या घरी गेलो तेव्हा कंप्युटरच्या वरच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं, दर मुलामागे सेव्ह. शाळेत सुविचार लिहितात तसं, खाली रेघ मारून.

बारा जणं बसली. उरली एकटी मनीषा. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी गुरुजी फ्लॉपी घेऊन दुकानात हजर. फोनवर भागण्यासारखं ते काम नव्हतं.

फोटोत मनीषा डब्यावर बसलेली. तेलकट वेण्या, मागं पाचटाची भिंत. आणि डावा हात कोपरातून वर उचलून हवेत धरलेला, पंजा खाली. पाकिटातून फोटो निघाले तेव्हाही मला हे खटकलं होतं.

"ही हात असा कशाला धरून बसलीय?"

"तिथं संगी बसती," गुरुजी म्हणाले. "हिचा हात कायम संगीच्या खांद्यावर. वर्गात तीनदा खाली घ्यायला लावला तरी चवथ्यांदा तिथंच. कोपीवर मी म्हणलं, मनी, वर्गात बसती तशी बस. तर बसली."

मला ती अंग चोरून कललेली पोरगी आठवली. जिला मी सरळ करून दिलं होतं, ती संगी.

अडचण अशी, की बोटांच्या फटींतून मागचं पाचट दिसत होतं. ढोबळ कापलं तर संगीच्या खांद्यावर पाचटाचा झुपका येत होता. त्या फुकटच्या सॉफ्टवेअरला बारीक कापायला एकच हत्यार, ठिपका-ठिपका खोडायचं. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक काचा ठेवल्यासारखे थर करता येतात, चुकलं तर वरची काच उचलायची. पण ते नकलेचं, गुरुजी त्याला शिवणार नव्हते. इथं चुकलं की गेलं.

मी धंदेवाईक माणूस. म्हणालो, "गुरुजी, सोपं सांगू? तो हात कोपरापासून कापू. दुसऱ्या पोरीचा मांडीवरचा हात उचलून हिला लावू. कुणाच्या बापाला कळणार नाही."

गुरुजी उभे राहिले. इतक्या शनिवारांत मी त्यांना चिडलेलं बघितलं नव्हतं. "दोन महिने मी काय हात कापायला हिंडलो का? हात तेवढा कापून पोरगी बसवायची आसंल तर फोटो कशाला पायजे? तुमी दुकान करा." आणि पिशवी उचलली.

"बसा हो गुरुजी. बसा. चुकलो."

"दोनदा चुकलाव."

"दोनदा चुकलो. बसा."

मग टेबलाच्या खणातनं माझी जुनी रिटचरची भिंगाची काच काढली. चित्र मोठं करत करत गेलो, पार चौकोनी ठिपके दिसेपर्यंत. मी म्हणालो, मी बोट दाखवतो, तुम्ही खोडा. पोरगी तुमची, हातही तुमचाच चालवा. गुरुजी माऊसवर, मी भिंग घेऊन बाजूला. पहिलं बोट झालं. सेव्ह. दुसरं झालं. सेव्ह. करंगळी गुरुजींनी दोनदा खोडून टाकली आणि दोनदा परत आणली. त्या दिवशी आलेल्या एका गिऱ्हाइकाला मी सांगितलं, आज दुकान बंद आहे. तो म्हणाला, तुम्ही तर बसलेले दिसता. म्हटलं, आम्ही पोरगी बसवतोय. तो निघून गेला तो परत आला नाही.

शेवटी मनीषा उचलली आणि बाकावर ठेवली. उंची जुळवायला मी तयार होतो, थोडं वर, थोडं खाली करावं लागेल म्हणून. काही करावं लागलं नाही. पंजा संगीच्या खांद्यावर जाऊन टेकला, नेमका. आणि इतके दिवस वाकडी दिसणारी संगी एकदम बरोबर दिसायला लागली.

"हात मापून धरायला लावला होता का?" मी विचारलं.

"न्हाई," गुरुजी म्हणाले. "रोज तिथंच असतो तो."

मग गुरुजींनीच सेव्ह केलं.

छपाईला मी भीत होतो. तेव्हाच्या इंकजेट प्रिंटरवर एकतीस पोरांना एकतीस फोटो म्हणजे शाईनंच दिवाळं वाजलं असतं. गुरुजींनी तेही आधीच ठरवलं होतं. एकच प्रिंट काढला, चांगल्या चकचकीत कागदावर. तो शाळेच्या भिंतीला टाचण्यांनी लावला आणि दहा वाजता, उन्ह डाव्या अंगानं आलं तेव्हा, कॅमेऱ्यानं त्याचाच फोटो काढला. आता निगेटिव्ह तयार. निगेटिव्हवरून कलर लॅबमध्ये हव्या तेवढ्या प्रती, साध्या भावात. मी पंधरा वर्षं निगेटिव्हवर पोट भरलं आणि हे मला सुचलं नाही.

मेमध्ये दाखले द्यायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. निमित्त यूपीएसची वायर सैल झाल्याचं, पण खरं म्हणजे मला तेरा जणं डोळ्यांनी बघायची होती. पोरं आली. उन्हानं रापलेली, टोळीवरून आलेली आणि गावात राहिलेली, सगळी मिसळून. राम-लखन मला लगेच ओळखू आले, पण राम कुठला ते अजूनही सांगता येणार नाही. गुरुजी टेबलाशी बसून नाव पुकारत होते. एका हातानं दाखला, दुसऱ्या हातानं फोटो. पोरं फोटो घेऊन लांब पळायची, स्वतःवर बोट ठेवायची आणि ओरडायची.

मनीषा कडेवर धाकट्या भावाला घेऊन आली होती. तिनं दाखला दातात धरला आणि फोटो हातात घेतला. तिनं स्वतःला शोधलं नाही. आधी संगीला शोधलं. मग तिच्या खांद्यावरच्या हातावरून मागं मागं येत स्वतःपर्यंत पोचली. भाऊ रडायला लागला, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. दातातला दाखला काढून शेजारी उभ्या असलेल्या संगीला म्हणाली, "संगे, मी बी आलते की गं त्या दिवशी."

"आलतीस की," संगी म्हणाली. "माझा खांदा आजून दुखायलाय."

मी यूपीएसची वायर बघायला गुरुजींच्या घराकडं गेलो. ती बरी होती.

मनीषा पाचवीला गेली नाही. फोटोनं कुणाचा बाप बदलत नाही. पण तिच्या घरात तो चौकटीत लावला असल्याचं गुरुजींनी पुढं सांगितलं.

आणि पुढच्या वर्षी गुरुजींनी चौथीचा फोटो सप्टेंबरातच काढला. सगळा वर्ग हजर, एका दमात. सॉफ्टवेअर लागलं नाही, मी लागलो नाही. फोन करून सांगितलं मात्र, "भाऊ, यंदा सगळे आपले आपण बसले." खाली.

ह्या प्रकरणातून मी धंद्याची एकच गोष्ट शिकलो. गिऱ्हाइकाच्या फोटोत मोकळी जागा दिसली, तर ती बुजवायच्या आधी कुणाची आहे ते विचारायचं. आजही विचारतो. लोक बहुतेक करून म्हणतात, कुणाची नाही हो, टाका बुजवून. मग बुजवतो.